जँगोचं पान अडखळतंय? आधी हेलपाटे मोजा

एका वाचनालयासाठी मी जँगोमध्ये (पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये) देवघेवीची प्रणाली लिहिली होती. माझ्या लॅपटॉपवर सगळं लोण्यासारखं चाललं. वाचनालयात बसवली आणि दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, "पुस्तक द्यायचं पान उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन होतो." मी काय करावं? सर्व्हरची मेमरी दुप्पट केली. ढिम्म फरक नाही. मग रेडिस आणून कॅश लावला, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर मेमरीत साठवून तेच पुन्हा द्यायचं. पहिल्यांदा उघडताना वेळ तेवढाच, आणि वर नवी तक्रार: परत आलेलं पुस्तक यादीत अजून बाहेरच दिसतंय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मोजायचं सुचलं ते तिसऱ्या दिवशी. त्या एका पानामागे साडेचार हजारांहून जास्त क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, निघाल्या. एकेक क्वेरी इतकी हलकी, की तिच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. डेटाबेस बिचारा झटपट उत्तर देत होता. मीच त्याच्याकडे साडेचार हजार हेलपाटे घालत होतो.

म्हणून या लेखाचा क्रम असा आहे: आधी क्वेरी किती ते बघायचं, मग त्यातली जड कुठली, आणि मग ती जड का. इंडेक्स (डेटाबेसने ठेवलेली शोधसूची), कॅश आणि मोठा सर्व्हर यांचा नंबर त्यानंतर. नवशिका नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात करतो (मीही केली), कारण त्या गोष्टी करताना काहीतरी भरीव केल्यासारखं वाटतं.

तुम्ही जँगोचं सुरुवातीचं ट्युटोरियल केलंय, मॉडेल, व्ह्यू आणि टेम्प्लेट म्हणजे काय ते कळतं, आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, असं धरून चालतो. मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा. मॉडेलची नावं मात्र हवी तर खरोखर मराठीत ठेवता येतात, पायथन ३ला देवनागरी नावं चालतात. सहकाऱ्यांना चालतात का, ते आधी विचारा.

उदाहरणाला तेच वाचनालय घेऊ. मॉडेलं चार. "लेखक". "पुस्तक", ज्याला शीर्षक आहे, लेखकाकडे जाणारी फॉरेन की आहे आणि विषयांशी मेनी-टू-मेनी नातं आहे. "सभासद". आणि "देवघेव", ज्यात पुस्तक व सभासद या दोन फॉरेन की, दिल्याची वेळ आणि परतीची वेळ आहे. पुस्तक अजून बाहेर असेल तर परतीची वेळ रिकामी म्हणजे नल.

पायरी १: क्वेरी नेमकी कधी सुटते ते ओळखा

जँगोचा क्वेरीसेट म्हणजे लिहून खिशात ठेवलेली चिठ्ठी. फिल्टर लावा, ऑर्डर_बाय लावा, एक्सक्लूड लावा, चिठ्ठीवर मजकूर वाढतो, पण ती डेटाबेसकडे जात नाही. तुम्ही लूप फिरवलात, लिस्टमध्ये रूपांतर केलंत, लेन विचारलंत, किंवा "इफ नोंदी" असं लिहिलंत, की ती सुटते. शेलमध्ये नुसतं नाव टाइप करून एंटर दाबलंत तरी सुटते. तिथे जँगो दाखवण्यापुरत्या २१ ओळी मागवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, क्वेरी व्ह्यूमध्ये लिहिलेली दिसली तरी सुटते बहुधा टेम्प्लेटमध्ये, लूप सुरू होतो त्या ओळीवर. त्यामुळे व्ह्यूमधल्या क्वेरीच्या ओळीच्या आजूबाजूला वेळ मोजणारे प्रिंट टाकले तर सगळं शून्य मिलिसेकंदात झाल्यासारखं दिसतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. दोन, एकदा पूर्ण वाचलेला क्वेरीसेट निकाल स्वतःजवळ ठेवतो, म्हणून त्यावर दुसऱ्यांदा लूप फिरवलात तर नवी क्वेरी जात नाही. पण न वाचलेल्या क्वेरीसेटमधून "नोंदी[०]" असं दोनदा मागितलंत, तर दोनदा जाते.

पायरी २: खऱ्यासारखा डेटा भरा

ही पायरी सगळे गाळतात. माझ्या लॅपटॉपवर बारा पुस्तकं होती, वाचनालयात हजारो. बारा पुस्तकांवर कुठलाही कोड वेगवानच असतो. पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सिरीज नावाचं फंक्शन आहे, त्याने लाखभर ओळी चुटकीसरशी तयार होतात. एसक्यूएल नको असेल तर पायथनमध्ये ऑब्जेक्टची यादी करून बल्क_क्रिएटने भरा. निदान प्रमाण तरी खऱ्यासारखं ठेवा: बहुतेक पुस्तकं परत आलेली, थोडी बाहेर, काही सभासद रोज येणारे, बरेचसे वर्षातून एकदा. सगळीकडे सारखा वाटलेला डेटा असेल तर पुढे प्लॅन (क्वेरी चालवायला डेटाबेसने निवडलेली वाट) बघताना तो फसवतो.

आणि लाइव्ह सर्व्हरवर पोस्टग्रेस असताना लॅपटॉपवर एसक्यूलाइट ठेवू नका. दोघांचे प्लॅन वेगळे, इंडेक्सचे प्रकार वेगळे. इथे मिळालेलं उत्तर तिथे लागू पडेलच असं नाही.

पायरी ३: मोजा

जँगो डीबग टूलबार बसवा. पानाच्या कडेला एक पट्टी येते, त्यात एसक्यूएल या कप्प्यात त्या पानासाठी गेलेल्या सगळ्या क्वेरी, प्रत्येकीचा वेळ आणि ती कोडच्या कुठल्या ओळीतून निघाली ते दिसतं. पट्टी दिसतच नसेल तर बहुतेक वेळा इंटर्नल_आयपीज या सेटिंगमध्ये तुमचा पत्ता नसतो. डॉकरमध्ये ॲप चालवणाऱ्यांना हे हमखास भोवतं. ही पट्टी फक्त विकासाच्या मशीनवर ठेवायची, लाइव्हवर नाही.

पान नसेल, म्हणजे नुसतं एपीआय किंवा रात्री चालणारी कमांड असेल, तर "कनेक्शन.क्वेरीज" ही यादी बघा. तिची लांबी म्हणजे क्वेरींची संख्या. ती डीबग चालू असेल तरच भरते, आणि तिला ९००० नोंदींची मर्यादा आहे. दरवेळी मोजायच्या आधी रीसेट_क्वेरीज चालवायला विसरू नका, नाहीतर मागचं सगळं त्यात धरलं जातं.

मग एक साधी परीक्षा घ्या. पानावर १० नोंदी दाखवा, क्वेरी मोजा. ५० दाखवा, पुन्हा मोजा. आकडा तेवढाच राहिला तर ठीक. नोंदींबरोबर वाढला तर दोष सापडलाच, पुढचं फक्त जागा शोधण्याचं काम. टूलबार त्याच त्या साच्याच्या क्वेरींवर "सिमिलर" अशी खूण करतो, ती या कामी फार उपयोगी पडते. क्वेरी किती असाव्यात याचा ठरावीक आकडा नाही. मी स्वतः वीसच्या वर गेल्या की थांबून बघतो.

पायरी ४: हेलपाटे कमी करा

नव्वद टक्के दुखणी इथेच बरी होतात असं माझं मत आहे. मोजून काढलेला आकडा नव्हे हा, अनुभव.

देवघेवीच्या ५० नोंदींची यादी दाखवायची आहे. टेम्प्लेटमध्ये प्रत्येक ओळीवर पुस्तकाचं शीर्षक, लेखकाचं नाव आणि सभासदाचं नाव. नोंदी आणायला एक क्वेरी. मग पहिल्या नोंदीचं पुस्तक आणायला एक, त्या पुस्तकाचा लेखक आणायला एक, सभासद आणायला एक. असं ५० वेळा. एकूण १५१. याला "एन प्लस वन" म्हणतात. इथे तर तो तीनदा गुणलेला आहे. टेम्प्लेटमध्ये नुसता एक टिंब टाकून पुढचं नाव लिहिलं की मागे क्वेरी जाते, आणि लिहिणाऱ्याला काहीही जाणवत नाही. ओआरएमची (ऑब्जेक्टमागे एसक्यूएल लपवणाऱ्या जँगोच्या थराची) सोय तीच आणि खोडही तीच.

फॉरेन की किंवा वन-टू-वन नातं असेल तर उपाय सिलेक्ट_रिलेटेड:

नोंदी = देवघेव.ऑब्जेक्ट्स.सिलेक्ट_रिलेटेड("पुस्तक__लेखक", "सभासद")

जँगो जॉइन लावून, म्हणजे टेबलं जोडून, सगळं एकाच क्वेरीत आणतो. १५१ ची १ झाली. दोन अंडरस्कोअर देऊन नात्याच्या पुढच्या नात्यापर्यंत जाता येतं. "पुस्तक__लेखक" लिहिलं की पुस्तक आपोआप आलंच. कंसात काही न लिहिता नुसतं सिलेक्ट_रिलेटेड चालवू नका. मग तो नल नसलेल्या सगळ्या फॉरेन की धरत सुटतो आणि नको ती टेबलं जोडून आणतो.

नातं उलट्या बाजूचं असेल (लेखकाची पुस्तकं) किंवा मेनी-टू-मेनी असेल (पुस्तकाचे विषय), तर प्रीफेच_रिलेटेड. हा जॉइन लावत नाही. आधी पुस्तकं आणतो, मग त्यांचे क्रमांक एकत्र करून दुसऱ्या क्वेरीत सगळे विषय आणतो आणि जुळवाजुळव पायथनमध्ये करतो. म्हणजे पुस्तकं ५० असोत की ५००, क्वेरी दोनच.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात प्रत्येकजण एकदा पडतोच. प्रीफेच करून ठेवलंत, आणि मग लूपच्या आत "लेखक.पुस्तकं.फिल्टर(...)" लिहिलंत, तर आधी आणलेलं सगळं वाया. फिल्टर म्हणजे नवी चिठ्ठी, नवी क्वेरी. शिवाय प्रीफेचचा खर्च झालाच, म्हणजे पूर्वीपेक्षा एक क्वेरी जास्त. ऑर्डर_बायचंही तसंच. गाळून हवं असेल तर गाळणी आधीच सांगा:

बाहेरची = देवघेव.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(परतीची_वेळ__इजनल=ट्रू)
सभासद.ऑब्जेक्ट्स.प्रीफेच_रिलेटेड(प्रीफेच("देवघेवी", क्वेरीसेट=बाहेरची, टू_ॲट्र="हातातली"))

("देवघेवी" हे सभासदाकडून देवघेवीकडे जाणाऱ्या उलट नात्याला रिलेटेड_नेमने दिलेलं नाव.) आता प्रत्येक सभासदाजवळ "हातातली" नावाची साधी पायथन यादी असते. टू_ॲट्र न देताही चालतं, पण मग "सभासद.देवघेवी.ऑल" म्हटल्यावर सगळ्या नोंदी येण्याऐवजी गाळून उरलेल्याच येतात, आणि सहा महिन्यांनी वाचणारा बुचकळ्यात पडतो. वेगळं नाव द्यावं.

आता माझे साडेचार हजार कुठून आले ते सांगतो. यादी मी आधीच सिलेक्ट_रिलेटेडने नीट केली होती. गडबड होती पुस्तक देण्याच्या फॉर्ममध्ये. तिथे सगळ्या पुस्तकांचा ड्रॉपडाउन होता, आणि पुस्तकाच्या मॉडेलमधल्या "स्ट्र" मेथडमध्ये मी हौसेने शीर्षकापुढे लेखकाचं नाव जोडलं होतं. ड्रॉपडाउन भरताना जँगो प्रत्येक पुस्तकाला त्याचं नाव विचारतो, आणि प्रत्येक पुस्तक लेखकाचं नाव आणायला डेटाबेसकडे धावतो. फॉर्मच्या फील्डला सिलेक्ट_रिलेटेड लावलेला क्वेरीसेट दिला आणि पान ताबडतोब उघडायला लागलं. पुढे ड्रॉपडाउनच काढून शोधपेटी दिली, ते वेगळं. हजारो पुस्तकांच्या ड्रॉपडाउनमध्ये माणसाने शोधायचं तरी काय?

लपायच्या जागा अशाच असतात: "स्ट्र" मेथड, मॉडेलवरच्या प्रॉपर्टी, जँगो रेस्ट फ्रेमवर्कमधले एकात एक घातलेले सीरियलायझर. आणि एक फारच साधी: नुसता क्रमांक हवा असताना "नोंद.सभासद.आयडी" लिहिणं. तो क्रमांक देवघेवीच्या ओळीतच असतो, "नोंद.सभासद_आयडी" लिहिलं की क्वेरीशिवाय मिळतो.

हे सगळं मॉडेलच्या मूळ मॅनेजरमध्येच घालून मोकळं व्हावं असा मोह होतो. करू नका. एका पानाला लागणारे जॉइन मग प्रत्येक पानाला भरावे लागतात. ज्या व्ह्यूला जे लागतं ते त्या व्ह्यूत लिहावं.

पायरी ५: लागेल तेवढंच मागा

किती ते हवं असेल तर काउंट, आहे की नाही एवढंच हवं असेल तर एक्झिस्ट्स. लेन लावलंत तर सगळ्या ओळी पायथनमध्ये येतात आणि मग मोजल्या जातात. पण त्याच नोंदी पुढे दाखवायच्याच असतील तर उलट: आधी एक्झिस्ट्स आणि मग लूप म्हणजे दोन क्वेरी, सरळ "इफ नोंदी" म्हटलंत तर एकच, कारण क्वेरीसेट आणलेलं जपून ठेवतो.

पायथनमध्ये लूप फिरवून बेरजा करू नका, ॲनोटेट वापरून त्या डेटाबेसकडूनच करून घ्या. पण सावध: एकाच क्वेरीसेटवर दोन वेगवेगळ्या उलट नात्यांची मोजदाद केलीत तर आकडे चुकतात. पुस्तकाच्या ४ देवघेवी आणि ३ आरक्षणं असतील, तर दोन जॉइन मिळून १२ ओळी होतात आणि दोन्ही आकडे १२ येतात. काउंटमध्ये डिस्टिंक्ट=ट्रू घातलं की मोजदाद बरोबर येते. बेरजेला मात्र तो उपाय चालत नाही, कारण दोन वेगळ्या दंडांची रक्कम योगायोगाने सारखी असली तर एक गळून जाते. तिथे सबक्वेरी वापरा. हा वेगाचा प्रश्न नाही खरा, पण वेग वाढवायच्या नादात चुकीचा आकडा छापणं जास्त महागात पडतं.

ओन्ली आणि डिफर यांनी ठरावीक कॉलमच आणता येतात. प्रस्तावनेचा चार पानी मजकूर असलेला कॉलम यादीत लागत नसेल तर डिफर करा. बाकी चार-दोन छोटे कॉलम वाचवायला जाऊ नका. वगळलेला कॉलम कुणी टेम्प्लेटमध्ये वापरला, की प्रत्येक ओळीमागे एक क्वेरी. पायरी ४ पुन्हा पहिल्यापासून.

लाखो ओळींतून एकदाच जायचं असेल, उदाहरणार्थ सीएसव्ही काढायला, तर इटरेटर. तो सगळं मेमरीत न भरता २००० च्या गठ्ठ्यांनी देतो. त्याच्याबरोबर प्रीफेच हवं असेल तर जँगो ४.१ किंवा पुढचं लागतं आणि चंक_साइझ द्यावा लागतो.

पायरी ६: उरलेल्या जड क्वेरीला बोलतं करा

क्वेरी आता मोजक्या राहिल्या, तरी त्यातली एखादी आठशे मिलिसेकंद घेते. आता कुठे डेटाबेसकडे वळायचं.

प्रिंट(नोंदी.एक्सप्लेन(ॲनालाइझ=ट्रू))

एक्सप्लेन ही मेथड जँगो २.१ पासून आहे. ॲनालाइझ दिलंत की पोस्टग्रेस क्वेरी खरोखर चालवतो आणि कुठे किती वेळ गेला ते सांगतो. "खरोखर चालवतो" हे ध्यानात ठेवा. हाताने डिलीटच्या मागे एक्सप्लेन ॲनालाइझ लावलंत तर ओळी खरंच जातात. तसं करायचं तर ट्रान्झॅक्शन उघडून, शेवटी रोलबॅक, म्हणजे केलेलं सगळं रद्द.

निकाल पहिल्यांदा बघितला की डोळे फिरतात. सगळं वाचायची गरज नाही. जास्त आत सरकलेल्या ओळी आधी घडतात, म्हणून आतून बाहेर वाचत या आणि तीनच गोष्टी शोधा.

"सीक्वेन्शियल स्कॅन" आणि त्याखाली फिल्टरने गाळलेल्या ओळींचा मोठा आकडा. म्हणजे लाख ओळी वाचल्या आणि चाळीस ठेवल्या. इथे इंडेक्स कामाला येईल. नुसता सीक्वेन्शियल स्कॅन दिसला म्हणून घाबरू नका. टेबल छोटं असेल किंवा बहुतांश ओळी हव्याच असतील तर तोच स्वस्त पडतो.

अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर. पोस्टग्रेसने १० धरल्या आणि आल्या ४०,०००, तर त्याने निवडलेली वाटही चुकीचीच असणार. बऱ्याचदा नुकताच मोठा डेटा भरलेला असतो आणि आकडेवारी जुनी असते. त्या टेबलावर ॲनालाइझ ही कमांड चालवा, पुन्हा बघा.

आणि "लूप्स". इथला वेळ एका फेरीचा असतो. ०.०५ मिलिसेकंद दिसतोय म्हणून पुढे जाऊ नका, लूप्स १०,००० असेल तर तो अर्धा सेकंद झाला.

सॉर्ट मेथडसमोर "डिस्क" दिसलं, तर क्रम लावायला मेमरी पुरली नाही. वर्क_मेम मुळात ४ एमबी असते. ती वाढवता येते, पण ती प्रत्येक सॉर्टसाठी वेगळी धरली जाते, तेव्हा सढळ हाताने नको.

पायरी ७: इंडेक्स, पण बघून

फॉरेन कीला आणि युनिक फील्डला जँगो स्वतःच इंडेक्स लावतो, तिथे पुन्हा लावू नका. बाकीचे मॉडेलच्या मेटामध्ये इंडेक्सेस या यादीत लिहा.

दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये क्रमाला महत्त्व आहे. वाचनालयातली जुनी कार्डांची पेटी आठवा: लेखकानुसार आणि लेखकात शीर्षकानुसार लावलेली. लेखक माहीत असेल तर कार्ड लगेच हाती लागतं. नुसतं शीर्षक माहीत असेल तर सगळी पेटी उपसावी लागते. "या सभासदाच्या नोंदी, नव्या आधी" हे रोज लागतं, म्हणून इंडेक्स सभासद आणि मग उलट्या क्रमाने दिल्याची वेळ. तो झाला की सभासदावरचा एकट्याचा इंडेक्स बहुधा अनावश्यक होतो.

बाहेर असलेली पुस्तकं शोधायची तर आणखी छान सोय आहे. लाखभर देवघेवींत परतीची वेळ रिकामी असलेल्या थोड्याच. इंडेक्सला कंडिशन देऊन फक्त तेवढ्याच ओळींचा इंडेक्स बनवता येतो. तो छोटासा राहतो आणि जुन्या नोंदींचा त्यावर भार पडत नाही.

इंडेक्स आहे, तरी वापरला जात नाही? कॉलमला काहीतरी गुंडाळलेलं असणार. आज दिलेली पुस्तकं म्हणून "दिल्याची_वेळ__डेट=आज" लिहिलंत, तर जँगो एसक्यूएलमध्ये त्या कॉलमची वेळ आधी आशिया/कोलकाता प्रमाणे बदलतो आणि मग तारखेत रूपांतर करतो. इंडेक्स आहे मूळ कॉलमवर, शोध चाललाय रूपांतरित किमतीवर. त्याऐवजी आजची सुरुवात आणि उद्याची सुरुवात पायथनमध्ये काढा आणि "पासून, पण त्याच्या आत" असे जीटीई आणि एलटी वापरा. वर्षासाठीच्या "__इयर" ला ही भीती नाही, तिथे जँगो स्वतःच दोन टोकांमधला शोध बनवतो.

शीर्षकातला शब्द शोधायला सगळे डोळे मिटून आयकंटेन्स (मोठ्या-लहान अक्षरांत फरक न करणारा शोध) लिहितात. पोस्टग्रेसवर त्याचं रूप होतं कॉलम अप्पर करून लाइक, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण. साधा इंडेक्स इथे निरुपयोगी. आणि आपल्या बाबतीत गंमत अशी, की देवनागरीत मोठी-लहान लिपी नसतेच! शीर्षकं सगळी मराठी असतील तर कंटेन्स पुरे, अप्परचा खटाटोप वाचतो. मग त्या कॉलमवर पीजी_टीआरजीएम या (मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करणाऱ्या) एक्स्टेन्शनचा जिन प्रकारचा इंडेक्स लावा आणि एक्सप्लेनने तपासा. शोधशब्द फार आखूड असेल तर तोही मदत करत नाही.

(जाता जाता: "दऱ्या" हा शब्द दोन कीबोर्डांवर दोन वेगळ्या कोडक्रमांनी टाइप होतो, दिसतो मात्र सारखाच. "शोध चालत नाही" अशी तक्रार आली की आधी साठवलेला मजकूर तपासा. इंडेक्सची चूक नसते ती.)

इंडेक्स फुकट नसतो. प्रत्येक नवी नोंद, प्रत्येक बदल त्यालाही लिहावा लागतो. लाइव्ह टेबलावर साध्या मायग्रेशनने इंडेक्स बांधायला घेतलात, तर तो होईपर्यंत त्या टेबलावर लिहिणं अडतं. पोस्टग्रेससाठी जँगोमध्ये ॲडइंडेक्सकन्करंटली आहे; मायग्रेशनमध्ये ॲटॉमिक=फॉल्स लिहावं लागतं, वेळ जास्त लागतो, पण ग्रंथपालाला पुस्तकं देता येत राहतात.

पायरी ८: लिहिताना

हजार ऑब्जेक्ट एकेक सेव्ह करू नका, बल्क_क्रिएट करा. सगळ्यांना एकच बदल लावायचा असेल तर फिल्टरवर थेट अपडेट. उपलब्ध प्रती एकने कमी करायच्या तर "एफ" वापरून वजाबाकी डेटाबेसलाच करू द्या. क्वेरीही वाचते आणि दोन काउंटरवर एकाच क्षणी दिलेली पुस्तकं एकमेकांचा आकडा पुसत नाहीत. या मार्गांनी मॉडेलची सेव्ह मेथड चालत नाही आणि सेव्हचे सिग्नलही सुटत नाहीत. त्यावर एसएमएस पाठवणं टांगलेलं असेल तर तो जाणार नाही.

पायरी ९: याद्या आणि ॲडमिन

पान १ झटकन, पान ३००० रखडत, असं होत असेल तर दोष ऑफसेटचा. पुढच्या ५० ओळी देण्यासाठी डेटाबेस मागच्या दीड लाख ओळी मोजत येतो. "पुढचं पान" एवढंच पुरत असेल तर शेवटच्या दिसलेल्या नोंदीची वेळ आणि क्रमांक लक्षात ठेवून "याच्या आधीच्या ५०" असं मागा.

ॲडमिनमध्ये तीन सेटिंग बघून घ्या: लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेड, ऑटोकंप्लीट_फील्ड्स, आणि मोठ्या टेबलांसाठी शो_फुल_रिझल्ट_काउंट=फॉल्स. माझा ड्रॉपडाउनचा घोळ ॲडमिनमध्ये फुकट तयार मिळतो, तो दुसऱ्या सेटिंगने जातो.

पायरी १०: लाइव्ह सर्व्हरवर

तिथे टूलबार नसतो. पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (कुठली क्वेरी किती वेळा गेली आणि तिने किती वेळ घेतला याची नोंद ठेवणारं एक्स्टेन्शन) चालू करा. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये नाव घालून एकदा रीस्टार्ट द्यावा लागतो. मग यादी एकूण वेळेनुसार लावा. सरासरीनुसार लावलीत तर महिन्यातून एकदा चालणारा अहवाल वर येतो, आणि ३ मिलिसेकंदांची पण दिवसात लाख वेळा जाणारी क्वेरी खाली लपते. खरा भार तिचाच असतो.

एक्सप्लेनमध्ये वेगवान असणारी क्वेरी लाइव्हवर मधूनच अडकत असेल, तर ती बहुतेक कुलूप सुटायची वाट बघते आहे. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये कोण कशासाठी थांबलंय ते दिसतं. माझ्या पाहण्यात गुन्हेगार बहुधा एकच: ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच ईमेल पाठवणारा कोड.

आणि कॉन_मॅक्स_एज मुळात ० असतं, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन. ते ६० केलंत तर जोडणीचा वेळ वाचतो. जँगो ५.१ पासून पोस्टग्रेससाठी कनेक्शन पूलही, म्हणजे तयार जोडण्यांचा साठा, मिळतो.

कॅश? इथवर येऊनही पान जड असेल तर लावा. तेव्हा निदान काय झाकतोय ते माहीत असेल.

पायरी ११: पुन्हा बिघडू नये म्हणून टेस्ट

सुधारलेलं पान सहा महिन्यांत पुन्हा बिघडतं. कुणीतरी टेम्प्लेटमध्ये एक टिंब वाढवतं, बस्स. ॲसर्टनमक्वेरीज वापरून "या पानाला ४ क्वेरी" असं टेस्टमध्ये लिहून ठेवा. पाचवी गेली की टेस्ट पडते आणि सगळ्या क्वेरी छापून दाखवते.

फक्त टेस्टमध्ये एकच नोंद भरू नका. एका नोंदीला एन प्लस वन म्हणजे एक प्लस एक. पुढे कुणी नजरेतून निसटलेली ती एक क्वेरी धरून आकडा ४ चा ५ करतो, टेस्ट हिरवी होते आणि दोष तसाच राहतो. मी तीच टेस्ट दोनदा चालवतो, आधी ३ नोंदींवर आणि मग ३० वर, आणि दोन्ही वेळा आकडा तोच मागतो. नोंदी भरताना लेखकही वेगवेगळे द्या, सभासदही.